पुठ्ठ्यावरचा डाग

१

पान्याच्या गॅरेजच्या शटरला रविवारी सकाळी दोन कुलपं दिसली. एक त्याचं स्वतःचं, गंजकं. दुसरं नवंकोरं, पिवळंधमक, आणि त्याची किल्ली शेजारच्या टेलरमास्तरांच्या खिशात. शटरवर खडूने लिहिलं होतं, "सहा वाजता मीटिंग. आज गाळा रिकामा करणे."

"करणे म्हणे, करणे!" ग्रीसबाई म्हणाल्या. "स्वतःच्या बायकोला तरी असा हुकूम सोडून बघ म्हणावं."

ग्रीसबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. तंत्रशाळेत एकतीस वर्षं पोरांना इंजिन शिकवलं, हाताला सदा ग्रीस, म्हणून पोरांनी पाडलेलं नाव. तोंडावर बोलायची कोणाची छाती नव्हती. बाई बुटक्या, अंगाने भरलेल्या, आणि जिभेला हाड नाही अशी ख्याती. पान्या त्यांचाच विद्यार्थी. हातात सदानकदा पाना, म्हणून पान्या.

आता मात्र त्याचे हात रिकामे होते आणि त्या हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं.

"बाई, अकरा वर्षांचं गॅरेज आहे. इथून बाहेर काढलं तर दुसरीकडे उभं कोण करेल मला? 'ब्रेक फेल करणारा मेकॅनिक' म्हणूनच ओळखतील."

"रडू नकोस. घडलं ते सांग. सरळ सांग."

घडलं ते एवढंच. शुक्रवारी सकाळी साहेबांची चाळीस वर्षांची जुनी गाडी उताराला लागली, ब्रेक दाबला तो लागलाच नाही, आणि गाडी टेलरमास्तरांच्या दुकानाच्या पायरीवर चढली. साहेबांच्या कपाळाला खोक पडली. पायरीवर बसून काजं करणाऱ्या टेलरमास्तरांचा उजवा हात मोडला. आणि त्याच गाडीच्या डाव्या मागच्या चाकाचं ब्रेकचं काम सोमवारी कोणी केलं होतं? पान्याने.

"काम नीट केलं होतंस?"

"बाई!"

"मी विचारणारच. चूक केली असशील तर आत्ता सांग. मग मीच तुझं सामान बांधायला मदत करते."

पान्याने त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला. "चाकातला ब्रेकचा सिलिंडर पाझरत होता. नवा घातला. हवा काढली. टाकीत ब्रेक ऑइल खुणेपर्यंत भरलं. माझं काम गळलेलं नाही."

"मग त्यांच्याकडे पुरावा कसला आहे?"

"पुठ्ठा," पान्या म्हणाला. "माझाच पुठ्ठा."

२

"या, वकीलबाई, या," टेलरमास्तर म्हणाले. हात गळ्यात, शिलाईमशीनवर चादर, तोंड कडू. गाळेवाल्यांचे अध्यक्षही तेच. "शिष्याची बाजू घ्यायला आलात ना? आधी हा हात बघा. तीन महिने सुई धरता येणार नाही."

"हात मोडला त्याचं मला वाईट वाटतं. ज्याने मोडला तो सापडावा असं तुम्हालाही वाटत असेल, तर पुठ्ठा दाखवा."

"दाखवतो की. लपवायला मी काय पान्या आहे?"

पान्याची एक रीत होती आणि ती सगळ्या पेठेला ठाऊक होती. गळणारी गाडी दुरुस्त केली की तो ती जिथे उभी राहते तिथे जमिनीवर पांढरा पुठ्ठा अंथरायचा. पुठ्ठ्याच्या एका टोकाला 'पुढे', दुसऱ्या टोकाला 'मागे', चार चाकांच्या जागी चार फुल्या. आठवडाभर तो तसाच ठेवायचा. थेंब पडलाच तर कुठे पडला ते दिसतं आणि कुठून गळतंय ते कळतं. सोमवारी गाडी गॅरेजात वर उचललेली असताना त्याने स्वतः साहेबांच्या रिकाम्या शेडमध्ये जाऊन तो चिकटपट्टीने जमिनीला चिकटवला होता.

"शुक्रवारी गाडी ढकलत त्यांच्या अंगणात नेली, तेव्हा मी स्वतः हा उचलून आणला," टेलरमास्तर म्हणाले. "घ्या, बघा. 'मागे'. डाव्या बाजूची फुली. आणि फुलीला लागून हा तळहाताएवढा डाग. पान्याने जिथे काम केलं नेमकं तिथे. आता बोला!"

पान्याची मान खाली गेली. बाईंनी चष्मा लावला आणि पुठ्ठ्याचं डागाकडचं टोक खिडकीजवळ नेलं. डागाच्या कडेवरून बोट फिरवलं. 

"मास्तर, नळ गळतो तेव्हा खाली काय दिसतं?"

"कोडी घालू नका."

"थेंबावर थेंब पडतो. मध्ये दाट, कडेला फिकट, असा गोल. आणि भांडं कलंडलं तर? एक मोठं थारोळं आणि बाजूला शिंतोडे. हे बघा शिंतोडे. हे गळलेलं नाही. सांडलेलं आहे."

"शब्दांचे खेळ."

"बरं, शब्द राहू देत. प्यायला पाणी आहे?"

टेलरमास्तरांनी कपाळाला आठ्या घालून तांब्याकडे बोट केलं. बाईंनी पाण्यात बोट बुडवून एक थेंब डागावर सोडला. थेंब मण्यासारखा उभा राहिला. पुठ्ठा हलवला तसा तो घरंगळत खाली गेला.

"ब्रेकमध्ये घालतात ते ऑइल पाण्यात विरघळतं. पाणी त्यात मुरलं असतं. हे इंजिनचं तेल आहे, मास्तर. आणि इंजिन गाडीच्या पुढे असतं. मग मागच्या चाकाशी इंजिनचं तेल सांडलं कोणी?"

टेलरमास्तर गडबडले, पण क्षणभरच. "मला काय विचारता?"

"विचारते, कारण गाळा रिकामा झाला तर घेणार कोण?"

"मी! मधली भिंत पाडणार आणि दुकान वाढवणार. चार वर्षं मागतोय, सगळ्यांना माहीत आहे. म्हणून काय मी स्वतःच्या हातावर गाडी घालून घेतली? डोकं ठिकाणावर आहे का?"

ते मात्र खरं होतं. मशीनवर पोट असलेला माणूस गाळ्यासाठी उजवा हात मोडून घेणार नाही. बाईंनी मनातल्या मनात त्यांच्या नावावर काट मारली.

"सहा वाजेपर्यंत वेळ आहे," टेलरमास्तर मागून ओरडले. "साडेसहाला मी भिंतीला हातोडा लावणार, डावा तर डावा हात!"

३

साहेब म्हणजे गाडी चालवण्याचं लायसन्स देणारे परीक्षक. निवृत्त होऊन एकोणीस वर्षं झाली, पण पेठेत अजून 'नापास साहेब' म्हणूनच ओळख. दोन काठ्यांच्या मधून गाडी मागे घ्यायला लावायचे आणि काठीला वारा लागला तरी नापास. ग्रीसबाईंना त्यांनी तीनदा नापास केलं होतं. शाळेत सगळ्या पोरांना कळलं होतं. बाई ते विसरल्या नव्हत्या.

दार उघडंच होतं. पान्याला फाटकाशी उभं करून बाई उंबऱ्यात जाऊन थांबल्या. साहेब खिडकीशी खुर्चीत ताठ बसले होते, कपाळाला पट्टी. त्यांनी मान वळवून बाईंकडे सरळ पाहिलं.

"सूनबाई, चहा ठेव," ते म्हणाले.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण कामाची वेळ होती. "चहा प्यायला नाही आले, साहेब. मी तंत्रशाळेतली."

"अच्छा! तुम्ही." साहेबांचा आवाज लगेच कडक झाला. "तीन वेळा काठी पाडलीत तुम्ही. तुमच्या हातचा चेला कसा निघणार? तसाच निघाला."

"त्याचं काम गळलं असं तुम्ही सगळ्या पेठेसमोर सांगितलंत."

"सांगितलं. पुन्हा सांगतो. त्याच्या निष्काळजीपणाने एका माणसाचा हात गेला."

"सोमवारनंतर गाडीला दुसऱ्या कोणी हात लावला?"

"माझ्या गाडीला?" साहेबांनी सदऱ्याच्या खिशावर थाप मारली. आत किल्ली वाजली. "ही झोपतानासुद्धा उशाशी असते. गाडी मी चालवतो, मी लावतो. चाळीस वर्षं रिव्हर्स घेऊन, नाक रस्त्याकडे. शेडमध्ये घरच्यांना पाऊल टाकायची परवानगी नाही. झालं? निघा आता."

बाई निघाल्या, पण स्वयंपाकघराच्या दाराने. तिथे सून कणीक मळत होती. उंच, काटकुळी, आणि बोलायला टपलेली.

"आमच्याकडे कोणी आलं की एक तर रडून जातं, नाही तर भांडून. तुम्ही?"

"मी अजून जात नाहीये. सोमवारी तुम्ही घरी होतात?"

"माहेरी होते. मंगळवारी रात्री आले. आल्यापासून सासऱ्यांची धुसफूस चालूच. शुक्रवारी कपाळाला टाके घालून आले, तर माणसाने पडून राहावं की नाही? नाही. तसेच शेडमध्ये गेले, बाहेर आले, आणि मला म्हणाले, फळीवरचा पुढचा डबा घे, आहे ते ओतून दे आणि डबा फेकून दे, त्याला वास येतो. एवढी वर्षं शेडची पायरी चढू दिली नाही, आणि आता म्हणे कचरा काढ!"

"फेकलात?"

"मी कशाला फेकू? चांगला पत्र्याचा डबा." तिने खिडकीकडे हनुवटी उडवली. खिडकीत वरून कापलेल्या डब्यात कोरफडीचं रोप होतं. डब्याला लाल रंगाचा पट्टा. बाईंनी पाहिलं आणि मान डोलावली. त्यांच्या डोक्यात तेव्हा दुसरंच चाललं होतं.

"शेड दाखवाल?"

सुनेने हात झटकले. "चला. त्यांना कळलं तर शिव्या मला. तशा त्या रोजच्याच आहेत."

४

गाडी अंगणात उभी होती, नाक फाटकाकडे, पाठ शेडकडे, पुढचा बंपर चेपलेला. शेड रिकामी. बाईंनी आधी गाडीकडे पाहिलंच नाही. त्या शेडच्या जमिनीकडे बघत राहिल्या.

जुनी गाडी इंजिनखाली थोडं थोडं टिपकतच असते. जिथे रोज उभी राहते तिथे ती आपली खूण सोडते. इथे रस्त्याकडच्या बाजूला काळाकुट्ट, वाळलेला, धूळ बसलेला मोठा डाग होता. चाळीस वर्षं नाक रस्त्याकडे, हे खरं होतं. पण आतल्या भिंतीजवळ, पुठ्ठा पोचत नव्हता तिथेही डाग होते. लहान आणि ओले. बाईंनी बोट लावून पाहिलं, बोटाला तेल लागलं.

"पान्या! पुठ्ठा कसा लावला होतास? 'पुढे' कुठल्या बाजूला?"

"रस्त्याकडे, बाई. साहेबांची गाडी आहे. नाक रस्त्याकडेच असणार ना?"

"गाढवा! गाडी नाक आत घालून उभी होती!"

पान्याला दोन क्षण लागले. मग त्याने कपाळावर हात मारला. पुठ्ठा उलटा वाचला गेला होता. 'मागे, डावीकडे' म्हणजे खरं तर पुढे, उजवीकडे. आणि पुढे उजवीकडे, बॉनेटच्या खाली, काय असतं? ब्रेकची टाकी.

"उघड बॉनेट."

टाकी काठोकाठ भरलेली होती. पान्याने खुणेपर्यंतच भरली होती, हा काठ त्याचा नव्हता. बाईंनी सुनेकडून काचेचा पेला मागवला, अर्धा पाण्याने भरला आणि पिचकारीने टाकीतलं थोडं त्यात सोडलं. काही भाग पाण्यात मिसळून गेला. उरलेला वर आला आणि पिवळा थर होऊन तरंगत राहिला.

"म्हणजे काय?" सुनेने विचारलं.

"म्हणजे ब्रेकच्या टाकीत कोणीतरी इंजिनचं तेल ओतलं. ओतताना सांडलं, ते पुठ्ठ्यावर पडलं. ब्रेकच्या आतल्या रबराला हे तेल म्हणजे विष. चार दिवसांत रबर फुगतं. मग पाय कितीही दाबा, चाकापर्यंत जोर पोचत नाही."

पान्याने घरून हत्यारांची पेटी आणली आणि तिथेच बाह्या सरसावल्या. डावं मागचं चाक काढलं. त्याचा नवा सिलिंडर बाहेरून कोरडा ठणठणीत, एक थेंब नाही. आतलं रबर मात्र फुगून बोटाला गिळगिळीत लागत होतं. त्याने ते बाईंच्या तळहातावर ठेवलं. 

"मी गळू दिलं नाही, बाई."

"ठाऊक आहे. स्पेअरच्या दुकानातून नवी रबरं आण. चारी चाकांची बदल, टाकीखालच्या सिलिंडरची बदल, नळ्या धुऊन काढ. गाडी अर्धवट सोडायची नाही, कोणाचीही असो."

शेडच्या फळीवर धुळीत तीन गोल उमटले होते. दोन गोलांवर डबे होते, तिसरा रिकामा. उरलेल्या डब्यांतल्या एकावर हिरवा पट्टा. बाईंनी त्याचं टोपण हुंगलं. ब्रेक ऑइलचं. टोपणावर महिन्याभराची धूळ जशीच्या तशी होती. म्हणजे पान्यानंतर टाकीत ओतणाऱ्याने या डब्याला हातच लावला नव्हता.

मग त्यांना शेडच्या दाराचा खांब दिसला. बंपरच्या उंचीवर पाच-सहा ओरखडे, त्यांत गाडीचा निळा रंग. कोणीतरी रिव्हर्स घ्यायला पाहत होतं आणि पुन्हा पुन्हा खांबाला घासत होतं. म्हणजे नवशिका. चोरून शिकणारा. जमेना, म्हणून नाक आत घालून गाडी ठेवणारा.

"तुमचे यजमान कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

५

साहेबांचा मुलगा मागच्या आवारात सायकलची साखळी पुसत होता. चाळिशीचा, पांढरा शर्ट, चेहऱ्यावर कायमचा वैताग.

"वडिलांनी गाडी सोडावी असं तुला वाटतं," बाईंनी तोफ डागली.

"कोणाला नाही वाटत? सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. रोज घरात हाच तमाशा."

"म्हणून ब्रेक बिघडवलेस? सोमवारी गाडी गॅरेजातून आली, तू ती चोरून फिरवलीस, नाक आत घालून लावलीस, टाकीत तेल ओतलंस. खांबाला घासायची तुझी सवय दाराला लिहिलेली आहे!"

मुलगा उठून उभा राहिला. बाईंना वाटलं, आता हा अंगावर येतो. पण तो हसला, आणि ते हसणं काही चांगलं नव्हतं.

"गाडी मी फिरवली? बाई, मला लायसन्स नाही. अठराव्या वर्षापासून पाच वेळा बसलो. पाचही वेळा नापास. परीक्षक कोण होते ते विचारा." त्याने घराकडे बोट केलं. "काठीला धक्का लागला नव्हता, तरी म्हणाले, 'माझा मुलगा म्हणून सोडला असं लोक म्हणतील.' तेव्हापासून मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. रिव्हर्सचा गिअर कुठे असतो तेही विसरलो असेन. ही सायकल आहे. ही मला नापास करत नाही."

  बाई मागच्या पायरीवर जाऊन बसल्या. पाच वाजायला आले होते. अंगणातून पान्याचा आवाज आला, "दाबा वहिनी... सोडा... दाबा." ब्रेकमधली हवा काढायला सून पेडल दाबत होती, तीच एक घरात पान्याशी बोलायला राजी होती.

किल्ली साहेबांच्या खिशात. मुलगा चालवत नाही. सून माहेरी. मग नाक आत घालणारा उरला कोण? ज्याला रिव्हर्स जमत नाही असा कोण?

काम आटोपून सून हात पुसत आली. तिची उंच, काटकुळी सावली पायरीवर पडली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या बुटक्या, जाड पायांकडे पाहिलं. आणि सकाळचं वाक्य त्यांच्या कानात वाजलं. सूनबाई, चहा ठेव.

"अगं बाई," ग्रीसबाई म्हणाल्या. "तो अपमान नव्हताच."

"काय झालं?"

"तुमचे सासरे प्रत्येक दुरुस्तीनंतर ब्रेकची टाकी स्वतः भरतात का हो?"

"भरतात की. दुसऱ्याच्या हातचं काम अर्धंच, हे त्यांचं ब्रीदवाक्य. पट्ट्यापट्ट्यांचे डबे मुळी त्याचसाठी. हिरवा ब्रेकचा, लाल..."

सून थांबली. दोघींनी एकदमच खिडकीतल्या कोरफडीकडे पाहिलं.

६

सहाला पाच मिनिटं असताना टेलरमास्तर आणि पेठेतले पाच-सहा गाळेवाले साहेबांच्या फाटकाशी आले. बाईंनीच बोलावलं होतं. "मीटिंग इथे घ्या," असा निरोप होता. "पुरावा हलवता येत नाही."

साहेब काठी टेकत अंगणात आले. "हा काय बाजार मांडलाय माझ्या दारात?"

"गाडी दुरुस्त झाली, साहेब. ब्रेक बघून घ्या. आणि एक परीक्षा द्या. पास झालात तर पान्याचं सामान मी स्वतः डोक्यावर वाहून नेते आणि गाळ्याची किल्ली मास्तरांच्या हातात ठेवते."

"बाई!" पान्या ओरडला.

"तू गप्प."

साहेबांनी जमलेल्या लोकांच्या दिशेने पाहिलं. आव्हानाला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ते गाडीत बसले, पाठ ताठ, हात स्टिअरिंगवर. बाई डावीकडच्या सीटवर बसल्या. मांडीवर घडी घातलेला तो पुठ्ठा, हातात पेन, साहेब बसायचे तशाच.

"ब्रेक दाबा."

साहेबांनी दाबला. पेडल घट्ट लागलं. त्यांनी दोनदा दाबून पाहिलं, आणि नाइलाजाने त्यांची मान हलली. काम चोख होतं.

"किल्ली फिरवायची नाही. फक्त बघून सांगायचं. गाडी मागे शेडमध्ये घ्यायची आहे. मागे मोकळं आहे का?"

साहेबांनी आरशात पाहिलं. मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं. वेळ लावून पाहिलं.

"मोकळं आहे."

"नक्की?"

"मला विचारता? या शेडमध्ये मी चाळीस वर्षं..."

"साहेब, शेडच्या दारात तुमचा मुलगा उभा आहे. पंधरा पावलांवर. पांढऱ्या शर्टात."

 मागून आवाज आला, "बाबा, मी इथे आहे." बाईंनी त्याला नुसतं उभं राहायला सांगितलं होतं, कशासाठी ते सांगितलं नव्हतं. आता ते त्याला कळलं होतं.

साहेबांचे हात स्टिअरिंगवरून खाली आले.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"वर्ष झालं. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध काळं. कडेचं दिसतं, समोरचं नाही. डॉक्टर म्हणाला, गाडी सोडा." ते थांबले. "अख्ख्या गावाला मी रिव्हर्सवर नापास केलं. मला रिव्हर्स येत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू?"

"खांबाला घासायला लागलात, म्हणून नाक आत. रंग दिसेनात, म्हणून हिरव्याऐवजी लाल डबा. इथवर मी तुम्हाला माफ केलं असतं. पण शुक्रवारी शेडमध्ये जाऊन तुम्ही त्या पुढच्या डब्याचं टोपण हुंगलंत. डबा चुकला हे तुम्हाला त्याच दिवशी कळलं. कळल्यावर तुम्ही डबा फेकायला लावलात आणि पान्याचं नाव घेतलंत." बाईंचा आवाज चढला. "तुमची किल्ली वाचावी म्हणून त्याचं गॅरेज गेलं तरी चालणार होतं तुम्हाला? लाज वाटली नाही?"

"वाटली," साहेब म्हणाले. "गाडी सुटेल याची भीती जास्त वाटली."

टेलरमास्तर पुढे आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "म्हणजे माझा हात..."

"माझ्यामुळे." साहेबांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. "त्याच्यामुळे नाही. माझ्यामुळे."

मग त्यांनी बाईंपुढे हात पसरला. "पेन द्या. पुठ्ठा पण."

बाईंनी दिला. साहेबांनी पुठ्ठा स्टिअरिंगवर टेकवला आणि तिरकी मान करून लिहू लागले. वर स्वतःचं पूर्ण नाव. खाली, 'रिव्हर्स: नापास.' त्याखाली, 'दोष मेकॅनिकचा नाही. तेल मी ओतले. खोटे मी बोललो.' आणि सही. अक्षर परीक्षकाचंच होतं, टपोरं, पण ओळी एकमेकींवर चढल्या होत्या आणि सही पुठ्ठ्याच्या काठावरून अर्धी घसरली होती.

"तुम्हाला तीनदा नापास केलं होतं," त्यांनी पुठ्ठा परत देताना म्हटलं. "तीनही वेळा काठी पडली होती. ते बरोबर होतं."

"होतं," बाई म्हणाल्या. "पाच वेळांचं मात्र बरोबर नव्हतं."

 साहेब गाडीतून उतरले, चाचपडत शेडच्या दारापर्यंत गेले आणि खिशातली किल्ली पुढे धरली. मुलाने ती लगेच घेतली नाही. साहेब हात तसाच पुढे धरून उभे राहिले, शेवटी सुनेने नवऱ्याला कोपर मारलं तेव्हा त्याने ती घेतली.

पान्या आपली हत्यारं पेटीत भरत होता. साहेब त्याच्याजवळून जाताना थबकले, तेव्हा त्याने मान वर केली नाही.

"गाडी नीट झाली आहे," तो म्हणाला. "पण पुन्हा माझ्या दारात आणू नका."

सगळे पेठेत परतले. शटरसमोर टेलरमास्तरांनी डाव्या हाताने खिशातून किल्ली काढली आणि नव्या कुलपाला लावून पाहिली. एका हाताने ती फिरेना, कुलूप नुसतंच गोल गोल हलत राहिलं. बाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. शेवटी पान्याने पेटी खाली ठेवली आणि कुलूप घट्ट धरून ठेवलं, तेव्हा मास्तरांना ते उघडता आलं.